खुर्ची दुसऱ्यासाठी

जबलपूरच्या विजयनगरमध्ये पत्ता चौकांवरून सांगतात. अहिंसा चौकातून आत वळा, एसबीआय चौकाच्या अलीकडे थांबा, नाहीतर सरळ दीनदयाळ चौक गाठा आणि तिथं कुणालाही विचारा. विकास प्राधिकरणाच्या योजनांमधून वसलेला हा भाग. रस्ते रुंद, घरं दोन-तीन मजली आणि तळमजल्यावर बहुतेक ठिकाणी कसलं ना कसलं दुकान: कोचिंग क्लास, पॅथॉलॉजी लॅब, बुटीक, केकचं दुकान. संध्याकाळी कडेला मोमोजच्या गाड्या लागतात. ‘टू लेट’ची पाटी उतरते, तिथं नव्या धंद्याचा फलक चढतो, आणि त्यातले काही फलक वर्ष भरायच्या आत उतरलेलेही दिसतात.

दमोह नाक्याच्या अंगाला कृषी उपज मंडी आहे. जबलपूर जिल्ह्याचं ‘एक जिल्हा, एक उत्पादन’ म्हणजे हिरवा मटार. थंडी पडली की शहापुरा, पाटण, मझौलीकडून मटारच्या गोण्या भरून गाड्या येतात आणि वर्षानुवर्षं या बाजूचा रस्ता त्या दिवसांत तुंबत आला आहे. ज्याला धंदा शिकायचा आहे त्यानं केकच्या दुकानाआधी मटारचा लिलाव पाहावा. माल वेळेत उचलला गेला नाही तर शेंग मलूल होते, भाव कोसळतो, आणि सल्ला द्यायला तिथं कुणालाच सवड नसते.

मराठी माणसाला मात्र या शहरात आल्यापासून सल्ल्याची कमतरता कधी पडली नाही. आणि तो आला त्याला बराच काळ लोटला. १७८१ मध्ये सागरच्या मराठ्यांनी गढा-मंडला जिंकलं, मग हा मुलूख नागपूरकर भोसल्यांकडे गेला, १८१७ मध्ये इंग्रज आले. राज्य गेलं तरी मराठी घरं राहिली. पुढे कोर्टकचेरी, रेल्वे आणि शाळा-कॉलेजांमुळे त्यांत भर पडली. गोलबाजारात दत्तमंदिर झालं, महाराष्ट्र शाळा झाली. जबलपूरला ‘संस्कारधानी’ म्हणतात, आणि ते नाव विनोबांनी दिलं असं इथं अभिमानानं सांगतात. पण शहराचं पोट चाललं ते नोकरीवर. १९०४ मध्ये गन कॅरेज फॅक्टरी आली, दुसऱ्या महायुद्धात खमरियाची ऑर्डनन्स फॅक्टरी, १९६९ मध्ये लष्करी ट्रक बनवणारी व्हेइकल फॅक्टरी. शिवाय हायकोर्ट, वीज मंडळ, कृषी विद्यापीठ, रेल्वेचं झोनल मुख्यालय. अशा शहरात वडीलधाऱ्यांचा सल्ला एकाच शब्दात मावतो, तो म्हणजे ‘परमनंट’. आधी परमनंट हो, मग काय करायचं ते कर. परमनंट झालेला माणूस मग काही करत नाही, हे सांगणाऱ्यालाही पक्कं ठाऊक असतं.

आता तो सल्ला चालेनासा झाला आहे. कारखान्यांतली भरती आटली. मुलगा म्हणतो स्टार्टअप, बाप म्हणतो एकदा बँकेची परीक्षा देऊन तर बघ. स्मार्ट सिटी योजनेतून शहरात इन्क्युबेशन सेंटर आलं आणि त्याबरोबर ‘मेंटॉर’ हा शब्दही घराघरांत पोचला. पंधरा स्लाइड्स, पाच मिनिटं, एक गुंतवणूकदार. नेतृत्व कसं करावं, जबाबदार नागरिक कसं व्हावं, धंदा कसा उभारावा, यावर व्याख्यानंही होतात. व्याख्यानांवर माझा राग नाही. पण तिन्ही विषय एकाच आयुष्यात करून पाहिलेला, त्यातल्या दोनांत सपाटून मार खाल्लेला आणि म्हणूनच सल्ला देण्याचा खरा अधिकारी असलेला एक मराठी माणूस याच शहरात वावरून गेला, आणि विजयनगरच्या कोणत्याही स्लाइडवर त्याचं नाव नसतं, याचं मला नवल वाटतं.

दमोह नाक्यावरून निघणारा रस्ता दमोहला जातो. दमोहच्या पुढे पथरिया नावाचं गाव आहे. १९ जून १८७१ रोजी तिथं माधवराव सप्रे यांचा जन्म झाला. हिंदी पत्रकारितेच्या इतिहासात या नावाला मोठा मान आहे. महाराष्ट्रात विचारलं तर ‘गीतारहस्याचा हिंदी अनुवाद करणारे’ एवढं फार तर कुणी सांगेल. घराणं मूळचं कोकणातलं, घरात बोलणं मराठी, शिक्षण बिलासपूर-रायपूरला आणि थोडं जबलपूरच्या सरकारी कॉलेजात. त्या कॉलेजचं शिक्षण अर्धवट सुटलं. लग्न झालं ते चांगल्या सरकारी हुद्द्यावरच्या माणसाच्या मुलीशी, त्यामुळे जावयाला सरकारात चिकटवण्याची सोय सहज होती. सप्रे यांनी ती नाकारली. त्या काळातलं परमनंट त्यांनी विशीतच परत केलं.

त्याऐवजी त्यांनी काय केलं? सरकारी बांधकामाची ठेकेदारी. ती बुडाली. हे मला त्यांच्या चरित्रातलं फार महत्त्वाचं पान वाटतं, आणि चरित्रकार ते एका ओळीत उरकतात. बी. ए. नंतर झाले, संपादक नंतर झाले, देशभक्त नंतर झाले. त्याआधी ते बुडालेले ठेकेदार होते. कागदावर बरोबर दिसणारा हिशेब जागेवर कसा फसतो हे त्यांना पुस्तकात वाचावं लागलं नाही.

मग पुन्हा शिकायला बसले. ग्वाल्हेरमार्गे कलकत्ता विद्यापीठाची बी. ए. केली आणि पेंड्र्याच्या राजकुमाराला इंग्रजी शिकवायची शिकवणी धरली. पेंड्रा म्हणजे बिलासपूरच्या उत्तरेला, मैकल डोंगरांच्या कुशीतलं छोटंसं जमीनदारीचं गाव. शिकवणीच्या पगारातून पैसे साठवले आणि जानेवारी १९०० मध्ये ‘छत्तीसगढ मित्र’ हे हिंदी मासिक काढलं. संपादनात सोबत रामराव चिंचोलकर, प्रकाशक वामन बळीराम लाखे. तिघेही मराठी, मासिक हिंदी, मुलूख छत्तीसगडी. गावात छापखाना नाही, म्हणून मजकूर आधी रायपूरला आणि मग नागपूरला छापायला जायचा. वर्गणीदार विखुरलेले, वर्गणी थकलेली, टपालखर्च डोईजड. तीन वर्षं ओढून डिसेंबर १९०२ मध्ये मासिक बंद पडलं.

आजच्या भाषेत याला फेल्युअर म्हणतील आणि लगेच त्यातून ‘काय शिकलो’ याची पोस्ट टाकतील. सप्रे काय शिकले ते पुढच्या वीस वर्षांत दिसतं, आणि ते सरळ रेषेत दिसत नाही. मासिकानं मात्र तीन वर्षांत पुष्कळ करून ठेवलं. सप्रे यांची ‘एक टोकरी भर मिट्टी’ ही गोष्ट याच मासिकात १९०१ मध्ये छापून आली. हिंदीतल्या अगदी पहिल्या लघुकथांत तिची गणना होते. पुस्तकांची गंभीर परीक्षणं हिंदीत रूढ करण्यात या मासिकाचा वाटा मोठा. आणि प्रकाशक लाखे? ते पुढे रायपुरात सहकारी बँक उभारणाऱ्यांत अग्रभागी राहिले. रायपूरच्या लाखेनगरला त्यांचंच नाव आहे. म्हणजे थकलेल्या वर्गणीच्या वह्या सांभाळलेला माणूस पुढे शेतकऱ्यांच्या पतपेढीचा आधार झाला. तोट्यातल्या धंद्यातून कोण माणूस तयार होऊन बाहेर पडला, याचा रकाना ताळेबंदात नसतो.

सप्रे यांना अर्थशास्त्राची ओढ होती, हेही इथं सांगायला हवं. काशीच्या नागरी प्रचारिणी सभेनं शास्त्रीय परिभाषेचा हिंदी कोश करायला घेतला तेव्हा अर्थशास्त्राच्या भागासाठी त्यांनी काम केलं. भांडवल, व्याज, मागणी-पुरवठा हे शेतकऱ्याच्या मुलाला त्याच्या भाषेत कळलं पाहिजे, यात त्यांना देशकार्य दिसत होतं. १९०६ मध्ये ‘स्वदेशी आंदोलन और बॉयकाट’ ही पुस्तिका त्यांनी हिंदीत आणली. तिच्यामागे ‘केसरी’तले टिळकांचे लेख होते. बाजारात आपण काय विकत घेतो ही नागरिकाची कृती आहे, हा तिचा गाभा. सरकारला ती इतकी झोंबली की पुढे तिच्यावर बंदी आली.

नागपूरची त्यांची वर्षं अशी धामधुमीची. हिंदी ग्रंथमाला काढली, १९०७ मध्ये टिळकांच्या संमतीनं ‘हिंदी केसरी’ सुरू केला. वर्षभरात तो मध्य प्रांतात आणि उत्तरेत घुमू लागला. जुलै १९०८ मध्ये टिळकांना सहा वर्षांची शिक्षा झाली आणि पुढच्याच महिन्यात राजद्रोहाच्या कलमाखाली सप्रे पकडले गेले. नागपूरच्या ‘देशसेवक’चे संपादक अच्युत बळवंत कोल्हटकर यांच्यावरही त्याच सुमारास बडगा पडला.

आता जे झालं ते सांगताना हिंदीतले चरित्रकारही आवाज खाली आणतात. थोरले भाऊ बाबूराव तुरुंगात भेटायला आले. वडील लवकर गेलेले, या भावानंच वाढवलेलं. माफीनाम्यावर सही कर, नाहीतर मी जीव देईन, असं त्यांनी निर्वाणीनं सांगितलं. सप्रे यांनी सही केली. नोव्हेंबर १९०८ मध्ये ते सुटले.

बाहेर आल्यावर त्यांनी खुलासा छापला नाही, भावाकडे बोट दाखवलं नाही, की दुसरं पत्र काढून पूर्वीच्याच आवेशानं लिहायलाही बसले नाहीत. वर्ध्याजवळच्या हनुमानगडावर श्रीधर विष्णू परांजपे या रामदासी गुरूंच्या आश्रमात ते गेले आणि वर्षभराहून अधिक काळ तिथं राहिले. बी. ए. झालेला, कालपर्यंत प्रांताला जागवणारा संपादक झोळी घेऊन मधुकरी मागत होता. पाच घरं, मिळेल ते, आणि उरलेल्या वेळात दासबोध. तिथून परतल्यावर दासबोधाचा हिंदी अनुवाद झाला, रायपुरात रामदासी मठ झाला, मुलींची शाळा झाली. जाहीर व्यासपीठावर मात्र ते बराच काळ चढले नाहीत.

नेतृत्वावरच्या पुस्तकांत चुकीनंतर ‘कमबॅक’ कसा करावा याचं प्रकरण असतं. सप्रे यांचं उत्तर त्यांत बसत नाही. आपण पुढारी राहण्याचा हक्क गमावला असं त्यांनी स्वतःच ठरवून टाकलं. तुम्ही-आम्ही म्हणू, एवढं कशाला? भावाच्या जिवाचा प्रश्न होता. मलाही तसंच वाटतं. मधुकरीपर्यंत जाणं मला अति वाटतं. पण पुढच्या सगळ्या गोष्टीचं मूळ या अतिरेकात आहे. खुर्चीवर बसायचं नाही हे एकदा ठरल्यावर माणसाच्या हातात दोनच गोष्टी उरतात: गप्प बसणं, किंवा खुर्ची करून दुसऱ्याला बसवणं. सप्रे यांनी दुसरी धरली.

मंडालेहून सुटून टिळकांनी १९१५ मध्ये ‘गीतारहस्य’ प्रसिद्ध केलं. वर्षभरात सप्रे यांचा हिंदी अनुवाद बाहेर पडला आणि उत्तर भारतानं टिळकांचं तत्त्वज्ञान वाचलं ते त्या भाषेत. चिंतामणराव वैद्यांचा महाभारतावरचा ग्रंथही त्यांनीच हिंदीत नेला. अनुवाद हेही एक प्रकारे खुर्ची दुसऱ्याला देणंच. १९१६ मध्ये हिंदी साहित्य संमेलन जबलपूरला भरलं. उच्च शिक्षणाचं माध्यम देशी भाषा असावी हा आग्रह सप्रे यांनी तिथं धरला. त्यानंतर त्यांचा मुक्काम आणि मन, दोन्ही जबलपूरकडे वळलं.

मराठी माणूस परक्या प्रांतात गेला की दोन गोष्टी करतो. एक, गणेशोत्सव. दोन, आपली माणसं धरून राहतो. दोन्ही चांगल्याच. विजयनगरच्या मराठी घरांतही तेच चालतं. पोरं हिंदीच्या चालीनं ‘मी येऊन राहिलो’ म्हणतात आणि आजी हसून सुधारते. सप्रे तिसरी गोष्ट करून गेले. ज्या मुलखात राहतो त्याच्या भाषेचं, शाळांचं, वाचनाचं ओझं त्यांनी आपल्या खांद्यावर घेतलं, आणि तेही मराठी न सोडता, उलट मराठीतलं उत्तम ते त्या भाषेत ओतून. काशीत बाबूराव पराडकर, लक्ष्मण नारायण गर्दे यांनीही हेच केलं. मतदार यादीत नाव असण्यापलीकडच्या नागरिकत्वाचा याहून चांगला दाखला मला सापडत नाही.

आता ‘कर्मवीर’. हा भाग मला जरा सावकाश सांगायचा आहे, कारण सप्रे गुरू म्हणून कसे होते ते इथं नीट दिसतं.

१९१९ च्या अखेरीस जबलपुरातून एक हिंदी साप्ताहिक काढायचं ठरलं. सप्रे तेव्हा ४८ वर्षांचे. प्रांतातले ते सर्वांत अनुभवी हिंदी संपादक. संपादकपदासाठी दुसरं नाव घेण्याची गरजही नव्हती. पण त्यांनी खंडव्याच्या एका तिशीतल्या माजी शाळामास्तराला बोलावून घेतलं. त्याचं नाव माखनलाल चतुर्वेदी. कविता लिहायचा, खंडव्यात ‘प्रभा’ मासिकात काम केलेलं. सप्रे यांची त्याच्यावर आधीपासून नजर होती.

दुसरी गोष्ट पैशांची. ‘छत्तीसगढ मित्र’ निघाला तो एका माणसाच्या शिकवणीच्या बचतीतून. ती संपली तसा मासिकाचा श्वास संपला. ‘कर्मवीर’च्या पाठीशी ‘राष्ट्रसेवा लिमिटेड’ ही कंपनी होती. भागधारक, संचालक, रीतसर जबाबदारी. देशभक्तीचं पत्र आणि त्याच्यामागे मर्यादित जबाबदारीची कंपनी, ही जोडी त्या काळात नवलाची होती. बुडालेला ठेकेदार आणि बंद पडलेला मासिकवाला या कंपनीच्या उभारणीत असावा, यात मला योगायोग दिसत नाही. ज्याची बचत एकदा जळली आहे तो दुसऱ्या खेपेला ओझं अनेकांत वाटून घेतो. विजयनगरमधल्या ज्या पोरांनी आईचे दागिने ठेवून दुकान काढलं आहे, त्यांना वीस वर्षांच्या या प्रवासातली ही एक पायरी जरूर सांगावी.

तिसरी गोष्ट परवान्याची. १९१० च्या प्रेस कायद्यानं छापखान्याकडून पाचशे ते दोन हजार रुपयांपर्यंत जामीन मागता यायचा, आणि मजकूर खटकला की तो जप्त व्हायचा. म्हणजे धंदा सुरू करण्याआधीच गळ्यात दोरी. जिल्हा दंडाधिकारी मिथाइस नावाचा आयसीएस अधिकारी होता. त्याच्यासमोर घोषणापत्र करायला माखनलाल निघाले तेव्हा मंडळीतल्या एका वयस्क हितचिंतकानं शहाणपणानं एक अर्ज लिहून दिला होता, असं सांगतात. अर्जदार गरीब आहे, पोटापाण्यासाठी साप्ताहिक काढू इच्छितो, असा त्याचा मायना. साहेब खूश, जामीन कमी, काम फत्ते. आजही कितीतरी ‘प्रोजेक्ट रिपोर्ट’ याच मायन्यानं लिहिले जातात.

माखनलालांनी तो अर्ज पुढे केलाच नाही. साहेबानं विचारलं, इथून एक इंग्रजी साप्ताहिक निघतंच आहे, मग हे आणखी कशाला? त्यावर या तिशीतल्या माणसानं सांगितलं की ते पत्र भित्रं आहे, आणि मला असं पत्र काढायचं आहे की ज्यानं इंग्रजी राज्य चालता चालता थबकेल. खोलीतल्या बाकीच्यांच्या पोटात गोळा आला असणार. मिथाइसनं मात्र त्या सरळपणावर खूश होऊन जामीन न घेताच परवानगी दिली, अशी ही हकीकत हिंदी पत्रकारितेत पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाते. थोडं मीठ-मसाला तिला लागला असेलही. १७ जानेवारी १९२० रोजी ‘कर्मवीर’चा पहिला अंक जबलपुरातून निघाला, ही तारीख मात्र पक्की.

या प्रसंगात मला माखनलालांच्या धैर्यापेक्षा त्यांच्या मागे बसलेल्या वडीलधाऱ्यांचं कौतुक वाटतं. त्यांचा सल्ला झिडकारला गेला होता, तोही साहेबासमोर. तरी कुणी रुसलं नाही, कुणी संपादक बदलला नाही. शिष्यानं आपला सल्ला मोडला आणि त्याचं खरं ठरलं, हे पचवायला मधुकरी मागण्याइतकाच कस लागतो. आमच्याकडचे निम्मे संस्थापक-अध्यक्ष या एका परीक्षेत नापास होतील.

पुढचा हिशेब मांडायला सोपा आहे. सप्रे यांनी माखनलालांना आणलं. माखनलालांनी ‘कर्मवीर’साठी लक्ष्मणसिंह चौहान या तरुणाला जबलपुरात बोलावलं, त्यांच्यासोबत पत्नी सुभद्राकुमारी आल्या. ‘झाँसी की रानी’ लिहिणाऱ्या सुभद्राकुमारी त्या याच. १९२१ मध्ये बिलासपूरच्या भाषणाबद्दल माखनलाल पकडले गेले. आणि १९२३ मध्ये याच शहरात झेंडा सत्याग्रहाची ठिणगी पडली.

ती ठिणगी कुठं पडली, हे विजयनगरच्या ‘गुड सिटिझन’ शिबिरांत आवर्जून सांगावं. ती पडली नगरपालिकेत. टाउन हॉल नगरपालिकेचा. त्यावर काँग्रेसचा झेंडा लावायचं निवडून आलेल्या नगरसेवकांनी ठरवलं आणि डेप्युटी कमिशनरनं मनाई केली. प्रश्न साधा होता: कर भरणाऱ्या लोकांच्या इमारतीवर काय लावायचं हे कोण ठरवणार? १८ मार्च १९२३ रोजी मिरवणूक निघाली. पंडित सुंदरलाल, सुभद्राकुमारी, लक्ष्मणसिंह त्यात होते. पोलिसांनी वाट अडवली, तरी प्रेमचंद, परमानंद जैन, सीताराम जाधव अशी काही पोरं इमारतीवर चढली आणि झेंडा लावून मोकळी झाली. जाधव हे आडनाव वाचताना इथल्या मराठी माणसाची मान थोडी ताठ होते, आणि व्हावीच. सुंदरलालांना सहा महिन्यांची शिक्षा झाली. १ मेपासून हाच सत्याग्रह नागपुरात पेटला आणि ऑगस्टपर्यंत देशभरातून स्वयंसेवक तिथं तुरुंगात जात राहिले. जबलपूरचा तो टाउन हॉल आज गांधी भवन म्हणून ओळखला जातो; विजयनगरहून रिक्षानं फार वेळ लागत नाही.

या साऱ्यात सप्रे कुठे आहेत? मिरवणुकीत नाहीत, अटकेच्या याद्यांत नाहीत. पण यादीतल्या माणसांना जबलपुरात कुणी आणलं, त्यांच्या लेखणीला पत्र कुणी दिलं, असं मागे मागे विचारत गेलं की दोन पावलांत त्यांच्यापाशी पोचतो.

गुरूला पाठबळ लागतं, हेही खरं. महाराष्ट्रात १९१० मध्ये लक्ष्मणराव किर्लोस्करांना औंधच्या बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी ३२ एकर माळ आणि दहा हजार रुपये कर्जाऊ दिले, तेव्हा किर्लोस्करवाडी उभी राहिली. सप्रे यांच्यामागे कुणी राजा नव्हता. जबलपुरात राजा गोकुळदासांच्या गडगंज घराण्यातला तरुण वारस शेठ गोविंददास मात्र होता. राष्ट्रीय हिंदी मंदिर आणि ‘श्रीशारदा’ मासिक ही कामं सप्रे यांची प्रेरणा आणि गोविंददासांचा पैसा यांतून झाली. महालात वाढलेल्या पोराला त्यांनी वर्गणीदार केलं नाही, कार्यकर्ता केलं. गोविंददास पुढे अनेकदा तुरुंगात गेले आणि स्वातंत्र्यानंतर दीर्घकाळ जबलपूरचे खासदार होते. ‘श्रीशारदा’च्या मांडवाखाली लिहिते झालेले द्वारकाप्रसाद मिश्र १९६३ मध्ये मध्य प्रदेशाचे मुख्यमंत्री झाले. राज्याचे पहिले मुख्यमंत्री रविशंकर शुक्ल हेही रायपूरच्या त्याच वर्तुळातले. मुख्यमंत्री घडवले म्हणून सप्रे मोठे, असं मला म्हणायचं नाही. मुख्यमंत्री कुणीतरी होतच असतो. ज्यांना त्यांनी हात दिला ते सगळे एका साच्यातले निघाले नाहीत, हे जास्त बोलकं आहे. कवी निघाला, सहकारवाला निघाला, नाटकं लिहिणारा शेठ निघाला, कसलेला राजकारणी निघाला. काही एकमेकांच्या विरोधातही गेले. ज्याचे सारे शिष्य एकसारखे बोलतात त्या गुरूपाशी मी मुलाला पाठवणार नाही.

उणं सांगायचं तर हेही सांगायला हवं की हिशेबाच्या वहीत सप्रे कधीच जिंकले नाहीत. ठेकेदारी गेली, ‘मित्र’ बंद पडला, ‘हिंदी केसरी’ खटल्यात संपला, जबलपूरचा ‘कर्मवीर’ही काही वर्षांतच थांबला. घरच्यांनी काय सोसलं याचा उल्लेख चरित्रांत अभावानंच येतो, आणि तो प्रश्न विचारल्याशिवाय अशा माणसांचं गुणगान करू नये असं मला वाटतं. परमनंट नाकारणाऱ्याच्या चुलीवर काय शिजतं, ते त्याच्या बायकोला विचारावं. विजयनगरमधला बाप बँकेची परीक्षा पुढे करतो तेव्हा तो भित्रा असतोच असं नाही. त्यानं ती चूल पाहिलेली असते.

१९२४ मध्ये डेहराडूनच्या हिंदी साहित्य संमेलनाचं अध्यक्षपद सप्रे यांच्याकडे आलं. आयुष्यभर दुसऱ्यांसाठी ओढलेली खुर्ची एकदा त्यांच्याही वाट्याला आली. तोवर प्रकृती ढासळली होती. २३ एप्रिल १९२६ रोजी रायपुरात ते गेले. वय ५४. भोपाळमध्ये १९८४ पासून त्यांच्या नावाचं वृत्तपत्र संग्रहालय आहे, पत्रकार विजयदत्त श्रीधर यांनी उभं केलेलं. देशभरातली जुनी नियतकालिकं चाळायला संशोधक तिथं जातात.

‘कर्मवीर’ १९२५ मध्येच खंडव्याहून पुन्हा निघू लागला होता. संपादक माखनलाल चतुर्वेदी. तिशीत धरलेली ती खुर्ची त्यांनी पुढे तीन दशकांहून अधिक काळ सोडली नाही.